हाताशी आलेला मासा

बास म्हटले की आपल्याकडच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे दोन मासे येतील. एक हॉटेलांत मिळणारा, पांढऱ्या तुकड्यांचा बासा. दुसरा रायगडच्या खाजणात वाढणारा जिताडा, ज्याला इंग्रजीत सी-बास म्हणतात. हा लेख या दोघांवर नाही. हा आहे अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या नद्या-ओढ्यांत राहणाऱ्या स्मॉलमाउथ बासवर. अंगाने कांस्याच्या भांड्यासारखा हिरवट तपकिरी, कुशीवर उभे गडद पट्टे आणि डोळा लालसर. चांगला वाढलेला मासा हातभर लांब असतो; पण गळाला लागला की पाण्याबाहेर झेप घेतो आणि आपल्या आकाराच्या दुप्पट जोर दाखवतो.

आम्ही म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्गच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली तीन कोकणी कुटुंबे. एक घर खेडचे, एक चिपळूणचे, एक महाडचे. जगबुडी, वाशिष्ठी आणि सावित्रीच्या काठी वाढलेल्या माणसांना नदीपासून लांब राहवत नाही. इथे आमच्या वाट्याला सस्क्वेहाना आली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑट्सेगो तलावातून निघून सुमारे ७१५ किलोमीटर वाहत ती चेसापीक उपसागराला मिळते. हॅरिसबर्गपाशी तिचे पात्र प्रचंड रुंद, पण उथळ आणि खडकाळ आहे. जुनियाटा नदी, स्वातारा आणि कॉनोडोग्विनेट हे ओढे याच परिसरात तिला येऊन मिळतात. हिवाळा सरला की आमच्या सुट्टीच्या दुपारी या ओढ्यांच्या काठी जातात. मुले, बायका, थर्मासमधला चहा आणि गळाच्या काठ्या, असा सगळा लवाजमा असतो.

रेल्वेने आलेला पाहुणा

गंमत अशी की हा मासासुद्धा आमच्यासारखाच बाहेरून आलेला आहे. त्याचे मूळ घर पंचमहासरोवरे आणि ओहायो-मिसिसिपी नद्यांचे खोरे. अॅपलेशियन डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या नद्यांत तो नव्हता. १८५४ मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यातले थोडेसे बास रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडे पोटोमॅक नदीत आणून सोडले गेले. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचेच. त्याच पाण्यात माशांनी प्रवास केला. तिथे त्यांची वाढ झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सस्क्वेहानातही सोडण्यात आले. आज या नदीची ओळखच त्या माशावरून आहे.

पाण्याचा थर्मामीटर

बासच्या हंगामाची सुरुवात तारखेवरून ठरत नाही, पाण्याच्या उष्णतेवरून ठरते. कडक थंडीत हा मासा खोल, संथ डोहात तळाशी जवळजवळ निश्चल पडून राहतो. मार्चच्या अखेरीस पाणी ७-८ अंश सेल्सिअसला आले की तो हळूहळू हलू लागतो. १० अंशांच्या पुढे त्याची भूक जागी होते. माद्यांच्या पोटात अंडी वाढत असतात, नरांना पुढच्या कामासाठी ताकद हवी असते, म्हणून एप्रिलभर दोघेही खातात. पाणी १५ अंशांच्या पुढे गेले की विणीचा काळ सुरू होतो. आमच्या भागात हे साधारण मे महिन्यात घडते.

म्हणजे सुरुवातीचा हंगाम जेमतेम चार-पाच आठवड्यांचा. एवढ्या दिवसांत पाण्याची उष्णता मोजण्याचा साधा थर्मामीटर हे आमचे सर्वांत उपयोगी हत्यार असते. दोरी बांधून तो पाण्यात सोडायचे काम मुलांकडे असते आणि आकडा वहीत टिपून ठेवायचेही.

मासेमारीला भल्या पहाटे जावे, हा आपल्याकडचा रिवाज. उन्हाळ्यात इथेही तेच खरे. फजर पढून थेट नदीवर जावे. पण एप्रिलमध्ये उलट करावे लागते. रात्रभर गारठलेले पाणी दुपारच्या उन्हाने दोन-तीन अंशांनी तापते आणि तेवढ्यानेच मासा तोंड उघडतो. म्हणून जुहरनंतर निघावे, असरपर्यंत ओढ्यावर असावे. ज्या काठाला ऊन लागते, जिथे काळे खडक पाण्यात आहेत, तिथे आधी बघावे. मासा धारेत सापडत नाही. मोठ्या खडकाच्या आडोशाला, पाणी उलटे फिरते तिथे, किंवा खळाळ संपून डोह सुरू होतो त्या कडेला तो उभा असतो.

हलक्या माशीचे जड दोरे

फ्लाय फिशिंग हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, म्हणून थोडे समजावून सांगायला हवे. आपण गरी टाकतो तेव्हा गरीला शिसे किंवा आमिष लावलेले असते. त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसते. गळावर केस, पिसे आणि धागा बांधून किड्यासारखी किंवा छोट्या माशासारखी बनावट वस्तू केलेली असते. तिला फ्लाय, म्हणजे माशी म्हणतात. तिला वजन जवळजवळ नसते. मग ती वीस-पंचवीस पावले लांब जाते कशी? तर वजन दोरीत असते. ही दोरी जाड आणि जड असते. नऊ फुटी लवचीक काठीने ती हवेत मागे उलगडायची, पूर्ण ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे सोडायची. तो क्षणभराचा थांबा ज्याला जमला, त्याला निम्मी कला जमली. जोर लावणाऱ्याची दोरी पायाशी गोळा होते. आमच्या तिन्ही घरांत हे सर्वांत आधी बायकांना जमले आणि पुरुषांना सर्वांत शेवटी, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

बासच्या माश्यांमध्ये जगभर नावाजलेली एक माशी याच नदीवर जन्मली. हॅरिसबर्गजवळच्या मिडलटाउन गावचे बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ती बांधली. हरणाच्या शेपटीचे लांब केस आणि गळाच्या दांड्यावर, पुढच्या बाजूला, डमरूच्या आकाराचे धातूचे जड डोळे, एवढाच तिचा ऐवज. डोळ्यांच्या वजनाने ती डोके खाली करून बुडते, दोरी ओढली की वर उसळते, थांबली की पुन्हा बुडते. जखमी लहान मासा अगदी असाच चालतो. शिवाय त्या वजनामुळे गळाचे टोक वरच्या बाजूला राहते आणि तळाच्या दगडांत अडकत नाही. प्रसिद्ध मासेमार लेफ्टी क्रे यांनी तिला क्लाउझर डीप मिनो हे नाव दिले.

सुरुवातीच्या हंगामात ती अगदी सावकाश चालवावी लागते. प्रवाहाच्या आडवी, थोडी वरच्या अंगाला टाकायची, तळाशी जाऊ द्यायची, मग वीतभर दोरी ओढून मनात पाचपर्यंत मोजायचे. थंड पाण्यातला बास पाठलाग करत नाही. माशी थांबलेली असतानाच तो ती अलगद उचलतो. हाताला धक्का बसत नाही, दोरी फक्त किंचित जड वाटते. क्रेफिशसारखी दिसणारी तपकिरी माशीही या दिवसांत चालते. क्रेफिश म्हणजे कोळंबी आणि खेकडा यांच्यामधला वाटावा असा, दगडाखाली राहणारा जीव. बासचे ते आवडते खाणे.

नानींचा प्रश्न

इथपर्यंत सगळे आनंदाचे आहे. पण या छंदाला एक काटा आहे आणि तो आमच्या एका घरी गावाहून आलेल्या नानींनी नेमका दाखवला. ओढ्याकाठी चादरीवर बसून त्या बघत होत्या. एक बास आला, पाण्यातच गळ काढला आणि सोडून दिला. दुसरा आला, तोही सोडला. नानी म्हणाल्या, “खायचा नाही, तर पकडायचा कशाला? त्याच्या तोंडाला भोक पाडायला?”

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बास घरी नेता येत नाही. पकडला तर तिथल्या तिथे सोडावा लागतो. म्हणजे या दिवसांत मासेमारी करायची तर ती केवळ छंद म्हणूनच. पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, हे कुरआनाने स्पष्ट केले आहे. पण जिवंत प्राण्याला केवळ नेमबाजीचे लक्ष्य बनवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही आपल्यासमोर आहे. मासा पकडून सोडण्याबाबत आजच्या उलेमांत एकच मत नाही. खाण्याचा हेतू नसेल तर जिवाला त्रास देणे योग्य नाही, असे काही म्हणतात. इजा होऊ न देता सोडला तर हरकत नाही, असे काही सांगतात. आम्ही फतवा देणारे नव्हे. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमाला विचारावे. नानींच्या प्रश्नानंतर आम्ही एवढे केले की हा मासा त्या दिवसांत काय करत असतो, हे नीट समजून घेतले.

पहारा देणारा बाप

पाणी तापले की नर बास उथळ पाण्यात येतो. कमरेइतके किंवा त्याहून कमी पाणी, खडकाचा किंवा पडलेल्या ओंडक्याचा आडोसा आणि प्रवाह मंद, अशी जागा तो निवडतो. शेपटीने गाळ झाडून तो खडीची स्वच्छ, परातीएवढी वाटोळी जागा तयार करतो. मादी येते, हजारो अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतरचे सगळे बाप करतो. कल्ल्यांमागच्या परांनी तो अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो, गाळ बसू देत नाही आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. पिल्ले बाहेर पडली तरी ती स्वतंत्र होईपर्यंत काही आठवडे त्याचा पहारा सुटत नाही. या काळात तो जवळजवळ उपाशीच असतो.

आता यातली अडचण पाहा. एरवी सावध असणारा हा मासा या दिवसांत उथळ पाण्यात, काठावरून डोळ्यांना दिसेल असा उभा असतो. घरट्यावरून कोणतीही माशी गेली की तो ती तोंडात पकडतो, भुकेने नव्हे, शत्रू समजून. त्याला पकडणे कुणालाही जमते. पण तो गळाला असताना घरटे उघडे पडते. सनफिश, क्रेफिश आणि इतर छोटे मासे टपूनच असतात. काही मिनिटांत अंडी फस्त होऊ लागतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या तलावांवर संशोधकांनी पाण्यात उतरून हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. सोडून दिलेला नर परत येतो, पण थकलेला बाप पहारा नीट देऊ शकत नाही, आणि बरीच अंडी गेलेली दिसली तर कधीकधी घरटेच सोडून देतो.

म्हणजे सोडून दिला, जिवंत गेला, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बापाचा जीव वाचला, पण त्याच्या पाठीमागे काय गेले ते आपल्याला काठावरून दिसत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या नियमपुस्तकात म्हणूनच एक कलम आहे: स्पष्ट दिसणाऱ्या बासच्या घरट्यावर पुन्हा पुन्हा गळ टाकणे बेकायदा आहे.

२००५ चा उन्हाळा

या नदीवर नियम कडक होण्यामागे एक कटू अनुभव आहे. २००५ च्या उन्हाळ्यात सस्क्वेहानाच्या मधल्या भागात आणि जुनियाटाच्या खालच्या भागात त्याच वर्षी जन्मलेली बासची पिल्ले मोठ्या संख्येने मेलेली आढळली. अंगावर व्रण, पांढरे चट्टे. त्या वर्षी पाणी कमी होते आणि तापलेले होते. पुढच्या वर्षांतही हा आजार परतत राहिला. तपासात एकच गुन्हेगार सापडला नाही. जिवाणू, विषाणू, परजीवी, शेतांतून वाहून येणारी तणनाशके आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने, असे अनेक धागे एकत्र गुंतलेले निघाले. काही नर माशांच्या शरीरात अंड्यांच्या पेशीही सापडल्या.

आजारावर तातडीचा इलाज नव्हता. राज्याच्या मत्स्य आणि नौका आयोगाच्या हाती एकच गोष्ट होती: जे मोठे मासे उरले आहेत त्यांना विणीसाठी मोकळे सोडणे. २०११ पासून नदीच्या बाधित पट्ट्यात बास घरी नेण्यास वर्षभर बंदी आली. २०१२ पासून त्या पट्ट्यात १ मे ते जूनच्या मध्यापर्यंत बासच्या मागे लागण्यालाच मनाई झाली. पकडून सोडायचीही परवानगी नव्हती. बारा इंचांचा बास तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात. एक वर्षाची पिल्ले गेली की त्याची झळ पुढे कित्येक वर्षे लागते. पुढच्या काळात नदीत बासची संख्या सावरली, पण ज्यांनी ते उन्हाळे पाहिले ते मासेमार आजही मे महिना लागला की काठ्या गुंडाळतात.

आपल्या वहाळातली चढण

हे सगळे वाचताना आम्हाला कोकण आठवणे अपरिहार्य होते. जूनचा पहिला मोठा पाऊस पडतो, वहाळ भरून वाहू लागतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढत शेतांपर्यंत येतात. कुठे याला चढण म्हणतात, कुठे वलगण. गावागावांत रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे बाहेर पडतात. पाग, खोईन, कोयती, ज्याला जे मिळेल ते. दुसऱ्या दिवशी घरोघरी गाबोळीचा घमघमाट. आमच्या पिढीच्या बालपणातला तो सण होता. पण तो मासा तेव्हा नदी सोडून का येतो? अंडी घालायला येतो. पोटात गाबोळी असते म्हणूनच तर तो चढलेला असतो. पूर्वी माणसे मोजकी, साधने साधी, म्हणून बरेच मासे निसटून वर पोहोचत. आता विजेचा झटका आणि ब्लीचिंग पावडर वापरणारेही आहेत, आणि वहाळात मासे राहिले नाहीत अशी तक्रार करणारेही आपणच.

संयम आपल्याला परका आहे असेही नाही. जून-जुलैमध्ये महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत तर पिढ्यान्‌पिढ्या कुणी मासा पकडत नाही. तिथल्या देवीच्या नावाने तो डोह राखलेला आहे. एका गावाने राखलेला डोह आजूबाजूच्या पाण्याचे बियाणे ठरू शकतो.

सूरह अल्-आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिगत आहे, ती आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. शनिवारी मासेमारी मना होती आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर उघड दिसत. इतर दिवशी येत नसत. परीक्षा त्यातच होती. मासा दूर असतो तेव्हा संयम सगळेच पाळतात. तो हाताशी येतो तेव्हा माणूस कळतो.

आमच्यापुरता ठरवलेला नियम

नानींच्या प्रश्नावर तिन्ही घरांचे उत्तर एकसारखे झाले नाही. एका घराने वसंतातली मासेमारी बंदच केली. ते आता जूनच्या मध्यानंतर, जिथे परवानगी आहे त्या पाण्यात, घरी नेण्यापुरतेच मासे पकडतात. दोन घरे एप्रिलमध्ये जातात, पण काही अटींवर. थर्मामीटर १५ अंश दाखवील त्या दिवशी हंगाम संपला, मग तारीख कोणतीही असो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचे नाही, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोसाठीही नाही. एका दुपारी किती पकडले, याची मोजणी करायची नाही.

नवख्यांसाठी आणखी काही गोष्टी. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि नियम दरवर्षी तपासावेत. पट्ट्यापट्ट्याला ते वेगळे असतात. एप्रिलचे पाणी हाडे गोठवणारे असते. गुडघ्याच्या वर उतरू नये, एकट्याने तर नाहीच. लहान होडीत असाल तर १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात जीवरक्षक जाकीट अंगावर घालणे इथे कायद्याने सक्तीचे आहे. घरी नेलेल्या माशाबाबतही मर्यादा आहे: या राज्यातल्या नद्या-तलावांत स्वतः पकडलेला मासा आठवड्यातून एकदाच खावा, असा सरकारी सल्ला आहे, कारण त्यात पारा आणि इतर रसायने असू शकतात.

मे महिन्यात आम्ही ओढ्यावर जायचे थांबवत नाही, फक्त काठ्या घरी ठेवतो. डॉगवुडची पांढरी फुले फुललेली असतात. ध्रुवीकृत काचेचा चष्मा लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. मुले काठावर पालथी झोपून घरटी शोधतात. स्वच्छ खडीचा गोल, त्यावर हलणारी एक सावली. ती सावली पुढे धावते, एखाद्या सनफिशला हुसकावते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहते. मुले ते तासभर बघू शकतात. त्यांच्या वहीत आता पाण्याच्या उष्णतेशेजारी आणखी एक रकाना आहे: घरटी किती दिसली, आणि त्यांपैकी किती घरट्यांवर बाप हजर होता.